पत्रपेटी आणि दप्तर

पत्र पोहोचविणे आणि पत्र जपून ठेवणे ही दोन निरनिराळी कामे होत. अठराव्या शतकात हिंगणे घराण्यातील पुरुष पेशव्यांचे वकील म्हणून दिल्लीच्या दरबारी राहत असत. दिल्ली आणि पुणे यांच्यामधील त्यांचा पत्रव्यवहार जासूदांनी वाहून नेला; परंतु आजच्या अभ्यासकास तो वाचावयास मिळतो याचे श्रेय जासूदांकडे जात नाही. ते कागद कोणीतरी निगुतीने राखले, पुढे संशोधकांनी ते लावले आणि 'हिंगणे दप्तर' या नावाने ते छापले गेले, म्हणून ते उरले. जासूदाचे काम पत्र हाती पडताच संपते. दप्तरदाराचे काम तेथून सुरू होते.

विसाव्या शतकाच्या अखेरीस ई-मेल हे साधन सर्वसामान्य माणसाच्या हाती आले, तेव्हा ही दोन्ही कामे एकाच पेटीत होऊ लागली. ई-मेलची पेटी टपालासाठी निर्माण झाली होती. लोकांनी मात्र तिचा उपयोग कागदपत्रे साठविण्यासाठीही करण्यास प्रारंभ केला. पैसे न भरता मिळणाऱ्या खात्यात आपल्या फाइली ठेवण्याची ही प्रथा कशी रूढ झाली, तिच्यामागील तंत्र कोणते, आणि शासनाच्या व व्यक्तीच्या कागदपत्रांच्या दृष्टीने तिच्यात कोणते धोके आहेत, याचा विचार या प्रकरणात करावयाचा आहे. त्यासाठी दिल्ली आणि तिच्या परिसराचे उदाहरण विशेष उपयुक्त आहे. कारण या प्रश्नाची न्यायालयीन चर्चा याच नगरीत झाली आणि त्यावरील शासकीय धोरणही येथेच आखले गेले.

साठवणीची युक्ती

युक्ती अगदी साधी आहे. मनुष्य स्वतःच्याच पत्त्यावर एक ई-मेल लिहितो आणि त्यास हवी ती फाइल जोडतो. ती फाइल सेवा पुरविणाऱ्या कंपनीच्या सर्व्हरवर, म्हणजे सदैव चालू असणाऱ्या मोठ्या संगणकावर, जाऊन राहते. पुढे कोणत्याही गावातील कोणत्याही संगणकावरून आपले नाव व पासवर्ड देऊन ती पुन्हा उघडता येते. काही जण ई-मेल पाठवीतही नाहीत. अर्धवट लिहिलेल्या मसुद्यास फाइल जोडून तो तसाच राहू देतात.

ही युक्ती का रुजली हे कळण्यासाठी त्या काळची परिस्थिती ध्यानात घेतली पाहिजे. भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेटची सेवा विदेश संचार निगमाने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू केली. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास ही तिची आरंभीची प्रमुख केंद्रे होती. पुढील दशकात घरोघरी संगणक नसला तरी नेहरू प्लेसच्या बाजारात, मुखर्जीनगरच्या शिकवणी वर्गांच्या गल्ल्यांत आणि नोएडा-गुडगावच्या वस्त्यांत सायबर कॅफे निघाले. परगावाहून शिकण्यास किंवा नोकरीच्या शोधात आलेल्या तरुणास आपला बायोडेटा, गुणपत्रिकेची प्रत आणि अर्जाचा नमुना ठेवण्यास स्वतःचा संगणक नसे. खिशात बाळगावयाची फ्लॉपी १.४४ मेगाबाइटची, ती धुळीने, दमटपणाने किंवा चुंबकाच्या सान्निध्याने बिघडत असे. अशा माणसास विनामूल्य ई-मेल खाते हेच एकमेव कुलूपबंद कपाट वाटले, यात नवल नाही.

दोन मेगाबाइटपासून पंधरा गिगाबाइटपर्यंत

साबिर भाटिया आणि जॅक स्मिथ यांनी ४ जुलै १९९६ रोजी अमेरिकेत 'हॉटमेल' ही सेवा सुरू केली. कोणत्याही संगणकावरून, ब्राउझरच्या साहाय्याने आणि एक पैसाही न देता ई-मेल वाचता यावी ही तिच्यामागील कल्पना होती. डिसेंबर १९९७ मध्ये मायक्रोसॉफ्टने ती विकत घेतली. विनामूल्य खात्यास तेथे २ मेगाबाइट जागा मिळत असे. एवढ्या जागेत फाइली साठविणे म्हणजे चिमटीत धान्य साठविण्यासारखेच होते.

१ एप्रिल २००४ रोजी गूगलने 'जीमेल' जाहीर केले आणि प्रत्येक खात्यास १ गिगाबाइट, म्हणजे हॉटमेलच्या सुमारे ५०० पट, जागा देऊ केली. तारखेमुळे अनेकांना ती थट्टाच वाटली. एक वर्षाने, १ एप्रिल २००५ रोजी, ही जागा दुप्पट करण्यात आली. त्या काळी एवढी पत्रे सर्वसामान्य माणसास आयुष्यात येणे कठीण होते. साहजिकच उरलेल्या जागेचे काय करावे असा विचार लोकांच्या मनात आला. २००४ मध्येच रिचर्ड जोन्स या संगणकतज्ज्ञाने जीमेलचे खाते लिनक्स संगणकास डिस्कप्रमाणे जोडणारी आज्ञावली लिहिली. पाठोपाठ विंडोज संगणकांसाठीही तशीच एक आज्ञावली निघाली. वापरणाऱ्यास पडद्यावर नेहमीसारखी डिस्क दिसे; पडद्याआड मात्र प्रत्येक फाइल एका ई-मेलला जोडली जाई आणि फाइलीचे नाव त्या ई-मेलच्या विषयाच्या ओळीत लिहिले जाई. या आज्ञावलींना कंपनीची अधिकृत संमती नव्हती. कंपनीने आपल्या व्यवस्थेत बदल केला की त्या बंद पडत. पुढे त्यांचा वापर मागे पडला.

पुढे गूगलनेच फाइलींसाठी स्वतंत्र सोय केली. २४ एप्रिल २०१२ रोजी 'गूगल ड्राइव्ह' सुरू झाले आणि २०१३ मध्ये पत्रे व फाइली या दोहोंसाठी मिळून १५ गिगाबाइटची एकच मर्यादा ठरविण्यात आली. जून २०२१ पासून नवी छायाचित्रेही तिच्यातच मोजली जाऊ लागली. या एकत्रीकरणाचा परिणाम महत्त्वाचा आहे. कोठार भरले की पत्रपेटीही भरते. लग्नसमारंभाच्या चित्रफितींनी ज्याचे खाते भरले आहे, त्यास परीक्षेचे प्रवेशपत्र किंवा नेमणुकीचे पत्र मिळत नाही. ते पाठविणाऱ्याकडे परत जाते.

फाइल प्रवास कसा करते

ई-मेलची मूळ व्यवस्था केवळ इंग्रजी अक्षरांचा साधा मजकूर वाहून नेण्यासाठी बनविलेली होती. चित्रे, ध्वनी किंवा देवनागरी मजकुराच्या फाइली तिच्यातून थेट जाऊ शकत नसत. १९९२ मध्ये नॅथॅनिएल बोरेनस्टाइन आणि नेड फ्रीड यांनी 'माइम' या नावाचा संकेत तयार केला. त्यानुसार फाइलीतील दर तीन बाइटांचे रूपांतर चार साध्या अक्षरांत केले जाते. ही अक्षरे कोणत्याही मार्गाने सुखरूप जातात आणि पलीकडे त्यांची पुन्हा मूळ फाइल बनते. ई-मेलला जोडलेली प्रत्येक फाइल आजही बहुधा याच वेषात प्रवास करते.

या वेषांतराची किंमत द्यावी लागते. फाइलीचा आकार एक तृतीयांशाहून थोडा अधिक वाढतो. १.४४ मेगाबाइटची भरलेली फ्लॉपी ई-मेलला जोडली तर ती सुमारे २ मेगाबाइटांची होते. म्हणजे जुन्या हॉटमेल खात्यात अशी एकच फ्लॉपी जेमतेम मावली असती. सेकंदास २८.८ किलोबिट वेगाच्या मोडेमवरून ती चढविण्यास नऊ मिनिटांहून अधिक वेळ लागला असता, तोही दूरध्वनीची लाइन मध्येच तुटली नाही तर! याच कारणाने, २५ मेगाबाइटांची मर्यादा रूपांतरित आकारास लागू असेल, तर प्रत्यक्षात सुमारे १८ मेगाबाइटांचीच फाइल पाठविता येते.

तथापि या पद्धतीचा एक लाभ दुर्लक्षिण्याजोगा नाही. ई-मेलवर पाठविणाऱ्याचे नाव, घेणाऱ्याचे नाव, दिनांक व वेळ यांची नोंद आपोआप होते. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० याच्या कलम ७ मध्ये इलेक्ट्रॉनिक अभिलेख जतन करण्याच्या अटी दिल्या आहेत. तो पुढे केव्हाही पाहता यावा. तो मूळ स्वरूपात, किंवा मूळ माहिती अचूक दाखविणाऱ्या स्वरूपात असावा. आणि तो कोठून निघाला, कोठे गेला, केव्हा पाठविला व केव्हा मिळाला याचा तपशील उपलब्ध असावा. यांपैकी तिसरी अट ई-मेल सहज पुरी करते. पहिल्या दोन अटींविषयी मात्र तेवढी खात्री देता येत नाही. पुढील विवेचनाचा रोख त्यांच्याकडेच आहे.

उच्च न्यायालयापुढील प्रश्न

खाजगी माणसाने आपला बायोडेटा परक्या सर्व्हरवर ठेवला तर तो त्याचा स्वतःचा व्यवहार होय. परंतु मंत्रालयातील अधिकाऱ्याने एखादी टिप्पणी रात्री घरी पुरी करावी म्हणून ती आपल्या विनामूल्य खात्यात पाठविली, तर प्रश्नाचे स्वरूप बदलते. ती टिप्पणी त्याची मालमत्ता नसते. सार्वजनिक अभिलेख अधिनियम, १९९३ याने केलेल्या व्याख्येत संगणकाने निर्माण केलेली सामग्रीही सार्वजनिक अभिलेखात मोडते. याच अधिनियमाच्या कलम ४ अन्वये केंद्र शासनाच्या पूर्वसंमतीवाचून सार्वजनिक अभिलेख भारताबाहेर नेण्यास मनाई आहे. शासकीय कामासाठी पाठविलेल्या अभिलेखांस तेवढा अपवाद आहे. या कलमाचा भंग केल्यास पाच वर्षांपर्यंत कारावास, किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही अशी शिक्षा सांगितली आहे.

हा कायदा झाला तेव्हा कागदाचे गठ्ठे सीमेपलीकडे नेण्याचेच चित्र लोकांच्या डोळ्यांपुढे असणार. एक कळ दाबताच अभिलेखाची प्रत दुसऱ्या खंडातील सर्व्हरवर जाऊन पडेल, आणि पाठविणाऱ्यास त्याची जाणीवही होणार नाही, ही अवस्था नंतर आली.

२०१२ मध्ये के. एन. गोविंदाचार्य यांनी दिल्ली उच्च न्यायालयात एक जनहित याचिका दाखल केली. तिच्यात समाजमाध्यमांविषयीचे इतरही मुद्दे होते. त्यांच्या ओघात असाही मुद्दा मांडण्यात आला की, शासकीय अधिकारी परदेशी कंपन्यांच्या ई-मेल खात्यांतून कार्यालयीन पत्रव्यवहार करतात, त्या कंपन्यांचे सर्व्हर भारताबाहेर असतात, आणि म्हणून हा व्यवहार सार्वजनिक अभिलेख अधिनियमाशी विसंगत ठरतो. २०१३ मध्ये न्यायालयाने केंद्र शासनास ई-मेलविषयक धोरण लवकर निश्चित करण्यास सांगितले. त्याच वर्षी एडवर्ड स्नोडेन याने अमेरिकेच्या हेरगिरीविषयीची कागदपत्रे उघड केल्यामुळे या प्रश्नास जगभर तीव्रता आली होती.

भारत शासनाचे ई-मेल धोरण फेब्रुवारी २०१५ मध्ये राजपत्रात अधिसूचित झाले. कार्यालयीन कामासाठी शासनाचीच ई-मेल सेवा वापरावी हे त्याचे मुख्य सूत्र होते. या सेवेची जबाबदारी राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राकडे, म्हणजे १९७६ मध्ये स्थापन झालेल्या आणि दिल्लीत लोदी मार्गावर मुख्यालय असलेल्या 'एनआयसी'कडे, सोपविण्यात आली. शासकीय खात्यातील ई-मेल खाजगी सेवेच्या खात्यात ओढून घेण्याची व्यवस्था करू नये, असेही बंधन घालण्यात आले. याच धोरणात आणखी एक सूचना होती, तिची चर्चा फारशी झाली नाही: महत्त्वाच्या फाइलींच्या प्रती वेळोवेळी काढून ठेवणे हे वापरणाऱ्याचेच काम आहे. शासनाची स्वतःची पत्रपेटीसुद्धा आपण दप्तर असल्याचा दावा करीत नाही, ही गोष्ट या ठिकाणी ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

खाजगी कंपन्यांतही हाच न्याय लागू पडतो. गुडगाव-नोएडाच्या कार्यालयात काम करणारा कर्मचारी ग्राहकाची माहिती असलेली फाइल स्वतःच्या विनामूल्य खात्यात पाठवितो, तेव्हा त्याचा हेतू केवळ सोयीचा असला तरी ती फाइल त्याची नसते. फाइल ठेवण्यापूर्वी ती कोणाची आहे हे पाहिले पाहिजे.

जागा परक्याची

विनामूल्य खाते ही भाड्याची जागाही नव्हे. भाडेकरूस करारनामा तरी असतो. येथे मालकाच्या अटी मान्य करूनच प्रवेश मिळतो आणि त्या अटी बदलण्याचा अधिकारही त्याच्याकडेच असतो. दिल्ली परिसरातून चालणाऱ्या 'इंडियाटाइम्स'ची विनामूल्य ई-मेल सेवा एके काळी देशात परिचित होती. ती फेब्रुवारी २०१३ मध्ये बंद करण्यात आली. खातेदारांस आपली पत्रे उतरवून घेण्याची सूचना अगोदर मिळाली होती. परंतु अशी सूचना त्याच खात्यात येते. ज्याने ते महिनोन्महिने उघडलेले नसते, त्याच्यापर्यंत ती कशी पोहोचणार?

मे २०२३ मध्ये गूगलने जाहीर केले की, सलग दोन वर्षे न वापरलेली वैयक्तिक खाती त्यांतील पत्रे व फाइलींसह काढून टाकण्यात येतील. ही कारवाई डिसेंबर २०२३ च्या आधी सुरू होणार नव्हती. कंपनीच्या दृष्टीने यास कारणे आहेत. सोडून दिलेल्या खात्यांचे पासवर्ड जुने असतात आणि ती चोरांच्या हाती सहज पडतात. परंतु कोठार म्हणून निर्माण केलेले दुसरे खाते नेमके याच वर्णनात बसते. ज्या खात्यात केवळ वस्तू ठेवल्या आणि जे 'कधी तरी उपयोगी पडेल' म्हणून विसरले गेले, तेच प्रथम नाहीसे होते.

खाते जिवंत असूनही किल्ली हरवू शकते. पासवर्ड विसरल्यास कंपनी मोबाइलवर संकेतांक पाठविते. महानगरात घर, नोकरी आणि मोबाइलचा क्रमांक बदलणारे लोक पुष्कळ असतात. सोडून दिलेला क्रमांक काही काळाने दुसऱ्या ग्राहकास दिला जातो, आणि मग कोठाराची किल्ली अनोळखी माणसाच्या दारी जाऊन पडते. कुटुंबातील कर्ता मनुष्य अकस्मात वारला आणि विम्याची व घराची कागदपत्रे केवळ त्याच्या खात्यात असली, तर घरच्यांची स्थिती याहून बिकट होते. लोखंडी कपाट सुताराकडून किंवा लोहाराकडून तरी उघडून घेता येते.

फाइल उरते, अक्षर हरवते

मराठी वाचकाच्या दृष्टीने आणखी एका संकटाचा विचार करणे अवश्य आहे. दिल्लीतील सार्वजनिक प्रकाशनसंस्थांसाठी पुण्या-नागपूरकडील अनुवादकांनी तयार केलेला मजकूर गेल्या काही दशकांत टपालाऐवजी ई-मेलने जाऊ लागला. आरंभीच्या काळातील हा मजकूर बहुधा त्या त्या कंपनीच्या खास फाँटमध्ये टंकलिखित झालेला असे. या फाँटांत इंग्रजी अक्षरांच्या घरांमध्ये देवनागरीचे तुकडे बसविलेले असत. भारतीय लिप्यांसाठी 'इस्की' हे भारतीय मानक १९९१ मध्ये ठरले होते, आणि त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्तीही निघाली होती. परंतु त्यांचा सार्वत्रिक वापर होण्यास पुढे बराच काळ लागला.

परिणामी वीस वर्षांपूर्वी स्वतःस पाठविलेली फाइल आज खात्यात जशीच्या तशी सापडते, उघडतेही. परंतु तो फाँट संगणकावर नसल्यास पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा अर्थशून्य खच दिसतो. एकही बाइट हरवलेला नसतो, तरीही पुस्तक हरवलेले असते. पुण्याच्या पेशवे दप्तरातील रुमालांत मोडी कागद सुरक्षित आहेत. मोडी वाचणारे मात्र थोडे उरले आहेत. कागद राखणे जितके आवश्यक, तितकेच तो वाचण्याचे साधन राखणेही आवश्यक असते. कलम ७ मधील 'पुढे पाहता यावा' या अटीचा खरा अर्थ येथे स्पष्ट होतो. असा जुना मजकूर ज्यांच्या खात्यात पडून आहे, त्यांनी फाँट परिवर्तकाच्या साहाय्याने तो युनिकोडमध्ये आणून घ्यावा. अन्यथा मूळ फाँट उपलब्ध असलेल्या संगणकावर त्याची छापील प्रत तरी काढावी.

शासनाची तिजोरी

नागरिकांची प्रमाणपत्रे ठेवण्यासाठी भारत शासनाने १ जुलै २०१५ रोजी दिल्लीत 'डिजिलॉकर' ही सेवा औपचारिकपणे सुरू केली. चाचणीच्या काळात तिच्यात १० मेगाबाइट जागा होती. पुढे ती १ गिगाबाइट करण्यात आली. वरवर पाहता हे आणखी एक विनामूल्य कोठार वाटेल. परंतु त्यातील दोन कप्प्यांतील भेद समजून घेणे आवश्यक आहे.

एका कप्प्यात नागरिक स्वतः काढलेली प्रत चढवितो. तिची किंमत ई-मेलमधील प्रतीएवढीच. दुसऱ्या कप्प्यात परीक्षामंडळ किंवा परिवहन विभाग यांसारखी कागद देणारी संस्था स्वतःच तो थेट उपलब्ध करून देते. फेब्रुवारी २०१७ मधील नियमदुरुस्तीने या दुसऱ्या प्रकारच्या दस्तऐवजास मूळ कागदाच्या बरोबरीचे स्थान मिळाले. येथे नागरिकाचा भार बऱ्याच अंशी हलका होतो. कारण कागदाच्या खरेपणाची ग्वाही देणारी संस्था त्याच्यामागे उभी असते. मात्र घराचे जुने करारपत्र, आजोबांची पत्रे किंवा अपुऱ्या कादंबरीचे हस्तलिखित यांस अशी संस्था नसते. त्यांचे दप्तरदार आपणच.

व्यवहारातील काही नियम

उपरोक्त विवेचनावरून विनामूल्य ई-मेल खात्यात काहीच ठेवू नये असा निष्कर्ष काढणे चुकीचे होईल. आग, चोरी किंवा संगणकाचा बिघाड यांपासून घरातील प्रतीस जे भय असते, ते दूरच्या सर्व्हरवरील प्रतीस नसते. ती एक प्रत म्हणून उत्तम आहे. एकमेव प्रत म्हणून ती धोक्याची आहे. यास्तव महत्त्वाच्या प्रत्येक फाइलीची एक प्रत खात्यात, एक घरातील स्वतंत्र डिस्कवर आणि शक्य तर एक दुसऱ्या घरी असावी.

स्वतःस फाइल पाठविताना विषयाची ओळ रिकामी सोडू नये. 'भाडेकरार, अंतिम, जून २०२४' एवढे लिहिले तरी पुढे शोधणे सोपे जाते. ओळखपत्रांच्या प्रती व बँकेचे कागद उघडे न ठेवता पासवर्ड लावलेल्या फाइलीत ठेवावेत. तो पासवर्ड मात्र त्याच ई-मेलमध्ये लिहू नये. खात्यास दुहेरी पडताळणी लावावी आणि मोबाइलचा क्रमांक बदलताच तो खात्यातही बदलावा. कोणते कागद कोणत्या खात्यात आहेत याची टीप घरातील एका विश्वासू माणसाजवळ असावी. गूगलच्या खात्यातील सर्व पत्रे एकत्र उतरवून घेण्याची सोय २०११ पासून चालत आलेल्या 'टेकआउट' या सेवेमार्फत मिळते. तिचा उपयोग अधूनमधून करावा. आणि वर्षातून एकदा, दसऱ्याला किंवा दिवाळीच्या साफसफाईबरोबर म्हणा, जुन्यातील जुनी पाच-दहा पत्रे उघडून त्यांतील फाइली वाचता येतात की नाही हे पाहावे. ज्यांची अक्षरे बिघडू लागली असतील, त्या तेव्हाच नव्या रूपात आणाव्यात.

हे काम कंटाळवाणे खरे. परंतु दप्तर म्हणून जे काही आपल्यापर्यंत आले आहे, ते अशाच कंटाळवाण्या कामामुळे आले आहे. कोणी ऊन दाखविले, कोणी कसर झटकली, कोणी रुमाल पुन्हा बांधले. आपल्या पत्रपेटीतील कागदांस रुमालाची गरज उरलेली नाही. त्यांच्याकडे अधूनमधून लक्ष देणाऱ्या माणसाची गरज मात्र तशीच आहे.